साडेसहाचा सूर्य

मला चित्रं काढता येतात असा आमच्या गावाचा गैरसमज एका मोरामुळे झाला. शाळेच्या गणपतीसाठी मी पुठ्ठ्याचा मोर केला होता आणि तो मोर आहे हे चार माणसांनी न सांगता ओळखलं. तेवढ्यावर मी 'पेंटर' झालो. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा मी पास झालो होतो हे खरं, पण इंटरमीजिएटला दोनदा आपटलो होतो हेही तितकंच खरं. परीक्षकाला माझी झाडं चालली, माझे रांजण चालले, फक्त माझी माणसं त्याने माणसं म्हणून मान्य केली नाहीत. मॅट्रिकही अर्धवट राहिली होती. बाबांच्या दुकानात बसून काजं करायची आणि मनात अलिबागच्या टॉकीजबाहेरच्या रंगीत बोर्डांसारखे बोर्ड रंगवायचे, असं माझं चाललं होतं. अशा माणसाच्या हाती गावाने कुंचला द्यायला नको होता. पण गावाला तरी दुसरं कोण होतं?

बाबा शिंपी. बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं घर, पुढच्या पडवीत पायमशीन, आणि मशीनच्या आवाजावर घरातले सगळे व्यवहार. तो आवाज सरळ चालला असेल तर बाबांचा मूड बरा, अडखळत असेल तर आई आम्हाला खुणेने मागच्या दाराने बाहेर काढायची. मागे चुलीवर तिचं राज्य. फाल्गुनात वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, तव्यावर भाजलेली सुकट आणि हाताने फोडलेला पांढरा कांदा. सुकटीचा वास पुढच्या पडवीपर्यंत यायचा आणि कोणाच्या लग्नाचा कोट शिवायला घेतलेला असला की बाबा ओरडायचे, कापडाला वास लागेल म्हणून. आई म्हणायची, नवरदेव कोळ्यांचा आहे, त्याला ओळखीचा वाटेल.

त्या वर्षी बाबांनी दर्याराज बँडचे आठ कोट शिवायला घेतले होते. लाल कापड, पिवळी फीत, पितळी बटणं. कोळीवाड्यातली आठ माणसं एकेक करून मापाला यायची. त्यात पोशा आला की दुकानात जत्रा. पोशा बँडातला सगळ्यात मोठा भोंगा वाजवायचा. तो भोंगा म्हणजे पितळी अजगर होता. अंगाभोवती वेटोळं घालून खांद्यावरून तोंड वर काढणारा. धर्मानाखव्याने मुंबईच्या कुठल्याशा बँडने मोडीत काढलेला तो उचलून आणला होता, आणि गावात तो पेलेल अशी छाती एकच होती. बाबा टेप घेऊन पोशाभोवती फिरायला लागले की हा श्वास भरून छाती फुगवत जायचा आणि वर म्हणायचा, "अजून हाय, शिंपीदादा, अजून हाय." बाबा टेप सोडून द्यायचे. मग तो आत जाऊन आईच्या हातचा तळलेला बोंबील मागून खायचा आणि तेलकट बोटं माझ्या डोक्याला पुसायचा. भोंग्याचं वेटोळं घासून कोट विरायला नको म्हणून बाबांनी पोशाच्या कोटाला छातीपासून पाठीपर्यंत दुहेरी कॅनव्हास घातला. कापडापेक्षा आतलं वजन जास्त. त्या कामाला त्यांनी मला हात लावू दिला नाही.

धर्मानाखवा बँडचा मास्तर. स्वतःचा मचवा होता, कॉर्नेट वाजवायचा, बोलायचा थोडं. आमच्या कोळीवाड्यातली लग्नं बँडला पुरत नव्हती. खाडीच्या पलीकडे खारवाडी आणि तिच्या मागे डोंगराकडची शेतकऱ्यांची गावं, तिथे वैशाखात लग्नांची रांग लागायची आणि ती माणसं पार पनवेलहून बँड आणायची. त्यांना एकदा आपला बँड ऐकवावा, मग लग्नाच्या सुपाऱ्या आपोआप येतील, असा त्याचा हिशेब. म्हणून रंगपंचमीला बंदरावर मोठा कार्यक्रम करायचं ठरलं. पलीकडच्या माणसांनी तरीने, म्हणजे खाडी पार करणाऱ्या होडीने, यायचं, बँड ऐकायचा, रंग खेळायचा आणि परत जायचं. त्याची जाहिरात मी करायची.

धर्मानाखव्याने मजकूर तोंडी सांगितला. बँडचं नाव, बंदराचं नाव, सर्वांनी यावे. मी विचारलं, वेळ काय घालू? तो म्हणाला, "वेल नको घालूस. पंचमीच्या भरतीला, येवढा लिव. लोकांना समजतंय."

आता हे इथे उलगडून सांगायला हवं, कारण आज आमच्या खाडीवर पूल आहे आणि माझ्या नातवंडांना भरती-ओहोटी समुद्रावर फिरायला जाण्यापुरती ठाऊक आहे. तेव्हा खाडीकाठची माणसं भरतीची वेळ बोटांवर काढायची. तिथीची पाऊणपट करायची, की भरती पुरी होण्याची वेळ आली. पंचमी म्हणजे पाच, पाचाची पाऊणपट पावणेचार. तर पंचमीला दुपारी पावणेचारला खाडी काठोकाठ. भरतीत तरीची होडी सरळ धक्क्याला लागते, बाया-पोरं पाय न भिजवता उतरतात. पाणी फिरल्यावर मात्र खाडीच्या मधोमध असलेला वाळूचा दांडा वर येऊ लागतो. आधी तो दिसत नाही, नुसता पाण्याखाली पाठ काढून बसतो, आणि त्याच्या समुद्राकडच्या बाजूने ओढ अशी लागते की वल्हं हातात राहत नाही. हे सगळं मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पाऊणपट मलाही येत होती. पण मला ती गावंढळ वाटत होती. 'भरतीला' असं कुठे जाहिरातीत लिहितात? अलिबागच्या टॉकीजबाहेर कधी कोणी लिहिलं होतं?

बारा कागद घेतले. बाबांची वळणदार लाकडी पट्टी चोरून तिच्यावरून भोंग्याची वेटोळी काढली, ती फार सुरेख आली. चेहरा मला जमत नव्हता म्हणून पोशाचे फुगवलेले गाल तेवढे काढले, वर टोपी आणि बाकी सगळं पितळ. मागे आकाश. नारिंगी रंगाची बाटली तळाला गेली होती, वाळून जाण्याआधी संपवावी म्हणून मी भोंग्यामागे एक भला मोठा मावळता सूर्य काढला. इतका छान सूर्य मी नंतर चाळीस वर्षं पाट्या रंगवूनही काढू शकलो नाही. आणि मग उजव्या कोपऱ्यात, त्या सूर्याच्या खाली, जागा बोडकी राहिली. सूर्य मावळतो आहे आणि खाली 'भरतीला', म्हणजे भर दुपार? ते चित्राशी जुळेना. मी कुंचला लाल रंगात बुडवला आणि लिहिलं, 'सायंकाळी ठीक ६॥ वाजता'. ते सहा आणि त्याच्यापुढच्या, अर्ध्याच्या खुणेच्या दोन उभ्या रेघा काय दिसत होत्या म्हणून सांगू. जाहिरात एकदम अलिबागची झाली. बाराही कागदांवर मी तो आकडा घातला, शेवटच्या दोहोंवर तर जरा मोठाच.

धर्मानाखव्याला वाचता येत नव्हतं. त्याने कागद लांब धरून पाहिला आणि मान डोलावली. पोशाने तो त्याच्या हातातून ओढून घेतला, "ह्यो मी काय?" म्हणून स्वतःच्या गालांवर बोट ठेवलं आणि कोळीवाडाभर दाखवत फिरला. वाचून दाखव असं कोणीच म्हणालं नाही. म्हटलं असतं तर मी खरं वाचलं असतं, असं मी स्वतःला पन्नास वर्षं सांगत आलो आहे. ज्यांना वाचता येत होतं त्यांना वाटलं, वेळ नाखव्यानेच दिली असेल. बाबा म्हणाले, सूर्य चांगला आलाय. मैद्याची खळ करून सहा कागद मी आमच्या बाजूला चिकटवले आणि सहा तरीवाल्या हसनचाचांबरोबर पलीकडे पाठवून दिले. हसनचाचाही निरक्षरच. त्यांनी ते पलीकडच्या शाळेतल्या मास्तरांना दिले आणि मास्तरांनी नेमाने डोंगरापर्यंत लावून टाकले.

रंगपंचमीला साडेतीनला आठ लाल कोट बंदरावर उभे राहिले. ते बघून आमचं सगळं गाव जमलं होतं, पोरांनी एकमेकांची तोंडं हिरवी-जांभळी केली होती. पहिली तीन गाणी झाली. पलीकडून कोणीच आलं नाही. तरीची होडी एकदा आली ती रिकामी. मी वडाच्या पारामागे उभा होतो, पण मला अजून आशा होती की हे सगळं साडेसहापर्यंत कसंतरी ओढलं जाईल आणि मी सुटेन. चित्रकाराचा आशावाद.

पाचच्या सुमाराला हसनचाचा धर्मानाखव्यापाशी आले आणि त्याला बाजूला घेऊन सांगू लागले. पलीकडच्या धक्क्यावर पन्नास-साठ माणसं जमली आहेत, बायका, लेकरं, कपाळाला गुलाल लावून. कागदावर साडेसहा लिहिलंय म्हणतात, म्हणून सहाला निघणार. मी सहाला होडी सोडणार नाही असं सांगून आलोय, पण डोंगराकडच्यांनी आपल्या पाहुण्यांकडून दोन लहान होड्या मागून आणल्यात आणि त्यांना पाण्याचं काही कळत नाही. थांबा म्हटलं तर ऐकत नाहीत, बोट ठेवून कागद दाखवतात.

धर्मानाखवा पाराकडे चालत आला, मागोमाग हसनचाचा. मागे ढोल चालू होता, आमचं बोलणं हसनचाचांशिवाय कोणाला ऐकू गेलं नसणार. त्याने विचारलं, "काय लिवलंस?"

मी सांगितलं. आकड्यासकट.

तो माझ्यावर हात उगारेल असं मला वाटलं. त्याने पाण्याकडे पाहिलं. पाणी फिरून तास उलटून गेला होता, धक्क्याच्या दगडांना ओली रेघ दिसायला लागली होती. मग तो वळून बँडला म्हणाला की ती माणसं इकडे येण्यापेक्षा आपण तिकडे जायचं, कार्यक्रम पलीकडच्या धक्क्यावर करायचा. आणि मचव्यात बसल्यापासून वाजवत राहायचं, म्हणजे बँड आपल्याकडेच येतोय हे बघून ती होड्यांत पाय घालणार नाहीत. कोणीतरी म्हणालं, कोट काढून ठेवूया. तो नको म्हणाला. लाल रंग लांबून दिसला पाहिजे. मी पुढे झालो तेव्हा त्याने नुसता हात आडवा केला. मी राहिलो. पोहता येत नव्हतं मला, आणि राहायला सांगितल्याचं बरंही वाटलं, हेही लिहून ठेवतो.

मचवा निघाला. आठ जणांत सुकाणूवर एक, वल्ह्यावर दोन, बाकी पाच वाजवणारे. पोशाचा भोंगा कोणाच्या अंगावर येऊ नये म्हणून तो मागच्या टोकाला उभा होता, पाय फाकून, वेटोळं अंगात घालून. ऊन समुद्रावरून तिरपं येत होतं आणि खाडीचं पाणी इतकं चकाकत होतं की डोळे मिटायला व्हायचे. पलीकडे माणसांची रांग दिसत होती. त्यांनी हात हलवले आणि ती खाली बसली. खरोखर खाली बसली. युक्ती लागू पडली होती. आमच्या धक्क्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मीही वाजवल्या.

त्यानंतर काय झालं ते मी आधी पाहिलं नाही, ऐकलं. शिमग्याचं गाणं चालू होतं, कॉर्नेट वर, खाली भोंग्याचे ते जाडजूड हुंकार. आणि खालचा आवाज गेला. कॉर्नेट तसाच चालू राहिला, ढोलाच्या चार-पाच थापाही पडल्या, कारण सगळ्यांची तोंडं पुढे होती. गाणं असं पोकळ वाजलेलं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. मग मचवा एका बाजूला कललेला दिसला. तो दांड्याच्या पाठीला घासून थांबला होता. झटका फार मोठा नव्हता, बसलेली माणसं नुसती पुढे कलंडली. उभा एकटाच होता.

पोशाला पोहता येत होतं हे सांगायला नको, तो कोळ्याचा होता. पण भोंगा डोक्यावरून काढायला दोन्ही हात वर करावे लागतात, आणि पितळात पाणी भरायला वेळ लागत नाही. धर्मानाखवा उडी मारून गेला, दुसरे दोघे गेले, हसनचाचांनी इकडून आपली होडी काढली. अंधार पडेपर्यंत लाल कोट पाण्यात आणि मचव्यात वर-खाली होताना दिसत होते आणि काठावरची माणसं ते मोजत होती. मोजून सातच भरत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ओहोटीला दांडा उघडा पडला तेव्हा वाळूतून भोंग्याचं तोंड वर आलेलं दिसलं. पोशाही तिथेच होता.

त्या संध्याकाळी मी काय केलं तेही सांगायला हवं. सगळे धक्क्यावर असताना मी गावात शिरलो आणि माझे सहाच्या सहा कागद नखांनी खरवडून काढले. खळ चांगली झाली होती, निघता निघेनात. चुलीत घातले तेव्हा आई म्हणाली, बरं केलंस, आता बघवले नसते. तिला वाटलं, मला दुःख झालंय.

गावाने दोष धर्मानाखव्याला दिला. साठीला आलेला नाखवा, पंचमीला साडेसहाची वेळ देतो म्हणजे काय, वर भरलेला मचवा ओहोटीत काढतो म्हणजे काय. तो ऐकून घ्यायचा. माझ्याकडे त्याने बोट दाखवलं नाही आणि मला काही सुनावलंही नाही. वाटेत गाठ पडली तर तो बाजूला होऊन मला जाऊ द्यायचा, जसं एखाद्या अनोळखी माणसाला देतात. हसनचाचाही गप्प. आणि घरात आणखी एक गोष्ट चालली होती. बाबांच्या मनाने घेतलं की पोशाला कोटाने बुडवलं. दुहेरी कॅनव्हास पाणी किती पितो याचा त्यांनी न्हाणीघरात बादलीत तुकडा बुडवून, हातात तोलून अंदाज घेतलेला मी पाहिला. मशीन अडखळायला लागलं. जेवताना ते भात कालवून तसेच बसायचे. दर शुक्रवारी उठून पोशाच्या घरी जायचे, ओट्यावर घटकाभर बसायचे आणि परत यायचे. मी त्यांना म्हणायचो, तुमचा काय दोष त्यात? एवढं मी म्हणायचो. पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार असायचं आणि मी त्याच्यावर भाकरीचा घास घ्यायचो.

महिनाभराने आईने मला पोशाच्या घरी तांदूळ आणि नारळ देऊन पाठवलं. बाबांना ताप होता, नाहीतर तेच गेले असते. पोशाची बायको, चांगुणाबाई, अंगणात बोंबील वाळत घालत होती. दोरीवर एकेकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवत. तिने पिशवी घेतली, मला बसायला सांगितलं, आत गेली आणि माझा कागद घेऊन बाहेर आली. पलीकडच्या सहांपैकी एक. तिचा भाऊ खारवाडीचा, त्याने भिंतीवरून जपून सोडवून आणला होता. कडा फाटल्या होत्या, सूर्य तसाच होता. पोशाचा फोटो कधी कोणी काढलेला नव्हता, त्यामुळे ते दोन गाल एवढंच तिच्याकडे होतं.

ती म्हणाली, "काय लिवलंय ते वाचून दाव."

मी वाचलं. बँडचं नाव वाचलं, बंदर वाचलं, सर्वांनी यावे वाचलं. कोपऱ्याशी आलो आणि न अडखळता म्हणालो, "रंगपंचमीच्या भरतीला."

ती बोंबलाची जोडी दोरीवर टाकून हात पुसत माझ्यासमोर बसली. "बरा वाचलास," ती म्हणाली. "आता लिवलंय ते वाच."

मी खाली पाहिलं. कागद गुडघ्यावर ठेवला. "सायंकाळी ठीक साडेसहा वाजता."

"भावानं पन असाच वाचला. धर्मानाखवा पंचमीला साडेसहा सांगंल व्हय? कोनी घातली ती वेल?"

"मी."

तिने मला शिव्या दिल्या नाहीत. मी तयारी केली होती, आल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने कागद माझ्या गुडघ्यावरून उचलला, घडी न करता आत नेऊन ठेवला आणि परत येऊन कामाला लागली. मी उठलो तेव्हा पाठमोरीच म्हणाली, "तुझा बाप येतो नि कोट, कोट करतो. माज्याच्यानं आइकवत नाय. जा नि त्याला सांग."

घरी आलो तेव्हा बाबा ताप अंगात घेऊनच मशीनवर बसले होते, कोणाचा तरी लेंगा होता. मी त्यांच्या मागे उभा राहिलो. मशीन जोरात चालू असताना सांगितलं. ती माझी शेवटची लबाडी. त्या आवाजात सांगितलं की सांगितल्यासारखंही होईल आणि ऐकू गेलं नाही तर नाही. त्यांनी पाय थांबवला. "काय म्हणालास?"

मग त्या शांततेत मी पुन्हा सांगितलं. नाखव्याने काय सांगितलं होतं, मी काय लिहिलं, आणि का लिहिलं. सूर्याचंही सांगितलं.

बाबांनी वळून पाहिलं नाही. सुईखालचं कापड बोटांनी सरळ केलं, पुन्हा सरळ केलं. मग ते म्हणाले, "तरी त्याला एकेरी कॅनव्हास चालला असता." आणि मशीन सुरू केलं.